भिंतीबाहेरची खोली

जागा थोडी आणि माणसें फार, हें मुंबईंतील मध्यम स्थितीच्या कुटुंबाचें जुनें दुखणें आहे, आणि त्यावरील औषधेंही तितकींच जुनीं आहेत. छत उंच असेल तर पोटमाळा घालावा, पलंगाखालीं ट्रंका साराव्या, आणि एवढ्यानेंही भागलें नाहीं म्हणजे भिंतीबाहेर पडावें. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलींत संसार मांडणाऱ्या गिरगांवकरानें गॅलरी ही केवळ येण्याजाण्याची वाट असें कधींच मानलें नाहीं. तेथें आजोबांची आरामखुर्ची असते, परीक्षेचा विद्यार्थी असतो, पापडकुरड्यांचीं वाळवणें असतात, आणि रात्रीं दहानंतर गाद्याही तेथेंच येतात.

परवां आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या फणसवाडींतील एका लांकडी चाळींत, तिसऱ्या मजल्यावर, पस्तीस वर्षें राहत आहेत. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. यंदा आईबापांस एका फिरत्या घरांतून, म्हणजे ज्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय आहे अशा मोटारींतून, पंधरा दिवस हिंडवून आणण्याचा त्यांचा बेत आहे. मुलानें लिहिलें, “आई, गाडी मुक्कामाला उभी केली की एक बटण दाबायचं. बाजूची भिंत खोलीसकट बाहेर सरकते. तुझा आणि बाबांचा पलंग त्याच खोलीत.” या मजकुरानें बाईंची झोप उडाली. त्या आम्हांस विचारतात कीं, ती खोली उभी कशावर असते? खालीं चाक नाहीं, खांब नाहीं. मग आम्हीं दोघांनीं तींत निजावें कीं निजूं नये?

प्रश्न अगदीं रास्त आहे. आम्हांस त्याचें कौतुक आणखी एका कारणानें वाटलें. ज्या गॅलरींत या बाईंचीं मुलें रांगलीं, बसलीं, वाचूं लागलीं, ती गॅलरीही भिंतीबाहेर अधांतरींच आहे. पण ती उभी कशावर आहे हा प्रश्न चाळींतल्या चाळींत कोणी कोणास विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां एका उत्तरांत दोन्ही प्रश्नांचा परामर्श घ्यावा असें आम्हीं योजिलें आहे.

या खोलीस तिकडे ‘स्लाइड-आउट’ म्हणतात. आपण सरकती खोली म्हणूं. रचना समजण्यास आगपेटी हातीं घ्यावी. बाहेरचें आवरण ती गाडी, आंतली पेटी ती खोली. फरक इतकाच कीं, येथें पेटी गाडीच्या कुशींतून आडवी निघते. प्रवासांत ती आंत असते व तिची बाहेरची भिंत गाडीच्या भिंतीशीं मिळून जाते. मुक्काम पडला म्हणजे ती दोन-चार फूट बाहेर काढावयाची. हा खटाटोप कशासाठीं, तर रस्त्यावरील गाडीच्या रुंदीस कायद्याची मर्यादा असते. अमेरिकेंत ती साधारण साडेआठ फूट आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें २.६ मीटर, म्हणजे जवळजवळ तितकीच. त्यांतून दोन बाजूंच्या भिंतींची जाडी गेली आणि आंत एक पलंग पडला कीं, नवऱ्याला वाट देण्यास बायकोला मोरींत शिरावें लागेल. चालतांना अंग चोरावयाचें आणि बसल्यावर पसरावयाचें, ही युक्ति इंडियाना राज्यांतील नॅपनी गांवच्या न्यूमार या कारखान्यानें १९९० च्या सुमारास बाजारांत आणली. आज तिकडील मोठ्या फिरत्या घरांस एक नव्हे, तीन-तीन चार-चार सरकत्या खोल्या असतात. बारा फूट लांब आणि तीन फूट बाहेर निघणारी खोली म्हणजे छत्तीस चौरस फूट झाले. गिरगांवांतील एका बिऱ्हाडाच्या मानानें पाहिलें तर खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एवढी जागा बटण दाबून मिळावी हें ऐकून ठाकुरद्वारच्या कोणाही गृहिणीच्या तोंडास पाणी सुटेल.

आपल्याकडे हा प्रकार अजून विरळ आहे. चित्रीकरणाच्या जागीं नटनट्यांच्या विश्रांतीसाठीं ज्या मोठ्या गाड्या उभ्या असतात त्यांतील कांहींस अशी पसरणारी बाजू असते. महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें फिरत्या घरांतून पर्यटन करण्याचें धोरण जाहीर केलें आहे. तेव्हां आज जें चिरंजिवांच्या पत्रांत वाचावयाचें तें उद्यां कोंकणच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळालें तर नवल नाहीं.

आतां ती उभी कशावर असते तें पाहूं. पुष्कळशा गाड्यांत खोलीच्या तळाशीं दोन भक्कम लोखंडी दांडे असतात, आणि ते गाडीच्या मुख्य सांगाड्यांत सरकतात. खोली पुरी बाहेर आली तरी दांड्यांचा बराच भाग सांगाड्याच्या मुठींत राहतो. माणूस हात आडवा पसरून त्यावर घागर पेलतो, तेव्हां घागरीखालीं कांहीं नसतें. भार खांदा घेतो. येथें खांदा म्हणजे गाडीचा सांगाडा. दांड्यांवर दांते पाडलेली पट्टी असते व विजेच्या मोटारीनें फिरणारें दांतेरी चाक तिला ढकलतें. खोली फार जड असेल तर तेंच काम तेलाच्या दाबानें करून घेतात. कांहीं गाड्यांत खोली चारी कोपऱ्यांस बांधलेल्या तारदोरांनीं ओढली जाते. आणि हलक्या खोल्यांत दांतेरी पट्ट्या खोलीच्या दोन्ही कुशींस लावून प्रत्येकीस स्वतंत्र मोटार देतात. मोटार खोलीला ढकलते, पेलीत नाहीं, हें मात्र लक्षांत ठेवावें. वीज गेली म्हणून खोली खालीं पडत नाहीं.

गॅलरीचें रहस्य हेंच आहे. आमच्या फणसवाडींतील जुन्या लांकडी चाळींत खोलीच्या जमिनीखालच्या तुळया भिंतींतून आरपार येऊन तीन-चार फूट बाहेर डोकावतात आणि त्यांवर गॅलरीच्या फळ्या बसविलेल्या असतात. तुळईचा लांब भाग खोलीखालीं दाबलेला, आंखूड भाग बाहेर. शिवाय भिंतीपासून तिरपे आधार दिलेले. बाईंनीं पस्तीस वर्षें ज्या युक्तीवर विश्वास टाकला तीच युक्ति चिरंजिवांच्या गाडींत आहे. तेव्हां निजावें, खुशाल निजावें; पलंग व त्यावरील माणसें यांचा हिशेब करूनच कारखानदारानें ती खोली बांधलेली असते. भीति वाटावयाची ती युक्तीची नव्हे. ती वाटावी हिशेबाबाहेरच्या ओझ्याची आणि सांध्यांत शिरणाऱ्या पाण्याची. आणि त्या बाबतींत, खरें सांगावयाचें तर, अमेरिकेंतील गाडीपेक्षां आमच्या चाळीची काळजी आम्हांस अधिक वाटते.

ओझ्याचाच हिशेब थोडा करून पाहूं. चाळीस फूट लांब व चार फूट रुंद गॅलरीचें क्षेत्रफळ सुमारें पंधरा चौरस मीटर होतें. नव्या इमारतींतील सज्जा दर चौरस मीटरास सुमारें ३०० किलो भार सोसेल असा बांधावा, असें भारतीय मानकांत सांगितलें आहे. जुन्या चाळी बांधणाऱ्यांपुढें हें मानक नव्हतें. त्यांच्यापुढें सागवान होतें आणि मिस्त्रीचा अनुभव होता. गणपतिविसर्जनाच्या दिवशीं मिरवणूक खालून चालली म्हणजे या गॅलरींत पन्नास माणसें सहज उभीं राहतात. पाहुणे असतात, पाहुण्यांचे पाहुणे असतात. माणशीं ६० किलो धरले तर तीन हजार किलो, म्हणजे चौरस मीटरास दोनशें झाले. हें ओझें वर्षांतून एक दिवसाचें. पण मधल्या काळांत कोणी हौसेनें फळ्यांवर सिमेंट-वाळूचा दोन इंची थर घालून चकचकीत लाद्या बसविल्या, कीं चौरस मीटरामागें शंभर किलो कायमचे वाढले. साऱ्या गॅलरीवर मिळून दीड टन. तिनशेंचा आंकडा येथेंच भरला. अजून पाण्याचें पिंप मोजावयाचें राहिलें आहे.

पिंप हा आमच्या वाड्यांतला खरा गुन्हेगार होय. दोनशें लिटरांचें भरलेलें पिंप म्हणजे दोनशें किलो, आणि तें टेकतें पाव चौरस मीटरावर. त्यांतून तें ठेवावयाचें कोठें, तर वाटेंत नको म्हणून कठड्याला लागून! भिंतीपासून एक फुटावर असलेलें ओझें तीन फुटांवर नेलें कीं तुळईच्या मुळाशीं त्याची ओढ तिप्पट होते, हें लहानपणीं सी-सॉवर बसलेल्या कोणासही पटावें. पिंप ठेवणें अटळच असेल तर तें भिंतीशीं ठेवावें आणि दोन पिंपें शेजारीं शेजारीं ठेवूं नयेत. सरकत्या खोलीसही हाच न्याय आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीस लागून कपाटें असतात. त्यांत अंथरुणें, कपडे ठेवावे. तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन, पुस्तकांच्या पेट्या हें सामान गाडीच्या मधल्या भागांत राहूं द्यावें. आपल्या बायका परदेशीं जातांना लोणच्याच्या बरण्या नेतात त्यांची वाट कोणत्या कपाटांत लागते हेंही विचारून ठेवलेलें बरें.

ओझें दिसतें तरी. पाणी दिसत नाहीं. सरकती खोली आणि गाडी यांच्यामध्यें सर्व बाजूंनीं जी फट असते ती रबराच्या पट्ट्यांनीं मिटविलेली असते. त्यांत दोन जाती आहेत: एक पोकळ नळीसारखी, जी दाबली गेली म्हणजे फट बंद करते, दुसरी जिभेसारखी, जी खोली सरकतांना तिच्या भिंतीवरील व छपरावरील पाणी निपटून काढते. पोकळ पट्टी दाबली जाते ती खोली पुरी बाहेर किंवा पुरी आंत असली तरच. “अर्धीच काढूं, जागा तेवढी पुरे” असें म्हणून खोली मध्येंच थांबविणाऱ्यानें पावसाला दार उघडून दिलें असें समजावें. पट्ट्या साध्या साबणाच्या पाण्यानें पुसाव्या व त्यांजवर रबरासाठीं मिळणारें औषध लावावें. तेल लावूं नये, मग तें शिवणयंत्राचें असो वा मोटारीचें. खनिज तेलानें हें रबर फुगतें व सैल पडतें. दांतेरी पट्ट्यांवरही घट्ट वंगण नको, कारण त्यावर धूळ बसून त्याचा सँडपेपर होतो; त्यासाठीं सुकें वंगण मिळतें.

खोलीचें छप्पर बाहेर असतां त्यावर पानें, काटक्या, पाणी सांचतें. खोली आंत घेण्यापूर्वीं शिडी लावून तें झाडलें नाहीं तर काटकी जिभेच्या पट्टीखालीं अडकते, पट्टी फाटते, आणि पुढच्या पावसांत पलंगावर थेंब पडूं लागतात. कांहीं लोक यासाठीं वर कापडी छत लावतात; खोलीबरोबर तें उलगडतें व गुंडाळतें. सोय चांगली आहे, मात्र त्या कापडावरही पाण्याचें तळें होतें आणि तें काढावेंच लागतें.

गळतीची परीक्षा थेंब दिसल्यावर करूं नये. खोलीच्या जमिनीच्या कोपऱ्यांत, विशेषतः बाहेरच्या भिंतीजवळ, अनवाणी पायाच्या अंगठ्यानें दाबून पाहावें. जमीन प्लायवुडची असते. पाणी मुरलें कीं ती मऊ होते, मग तिचे थर सुटतात. कडक लागली तर ठीक. लवली तर थेंब दिसो न दिसो, पाणी आंत शिरलें आहे.

हीच परीक्षा आमच्या वाडींत एक म्हातारा सुतार टोच्यानें करीत असे. गॅलरीस दर दिवाळीला तेलरंग फासून ती नव्यासारखी ठेवणाऱ्या एका मजल्यावर त्यास बोलाविलें होतें. त्यानें तुळई भिंतींतून बाहेर येते त्या जागीं टोचा टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आंत गेला. “काका,” तो म्हणाला, “रंग फस्क्लास आहे. लाकूड कुठं गेलं?”

लांकूड कोठें जातें हें समजून घेण्यासारखें आहे. मुंबईस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सागवान भिजलें आणि वाळलें तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. भिजलें आणि वाळूं दिलें नाहीं कीं बुरशी लागते, ओलीच्या वासानें वाळवी येते. तुळई मोकळ्या हवेंत असते तेथें ती वाळते. भिंतीच्या आंत, चुन्याच्या कुशींत, तिला वारा लागत नाहीं. म्हणून जो भाग सर्वांत जास्त भार वाहतो तोच सर्वांच्या आधीं कुजतो, आणि तोच डोळ्यांआड असतो. वरून जाड तेलरंग दिला म्हणजे आंतली ओल आंतच कोंडली जाते. फळ्यांवर लाद्या घातल्या तर सांध्यांतून झिरपलेलें पाणी फळ्यांवर महिनोन् महिने बसून राहतें. पूर्वीं तें फटींतून खालीं गळून जाई, आणि खालच्या मजल्यावरचीं माणसें ओरडत, त्यामुळें निदान कळत तरी असे. लोखंडी गर्डरांच्या गॅलरींत बुरशी नाहीं, पण गंज आहे. लोखंड गंजलें म्हणजे फुगतें, आणि फुगतां फुगतां भोंवतालची भिंत फोडतें. गर्डर जेथें भिंतींत शिरतो तेथें उभी चीर दिसली तर ती चुन्यानें लिंपून टाकणें म्हणजे रोग्याच्या तोंडास पावडर लावणें होय.

यावर उपाय खर्चाचे आहेत तसे बिनखर्चाचेही आहेत. पन्हळ पावसापूर्वीं साफ करावी. तींतलें पिंपळाचें रोपटें उपटावें, कापूं नये. कुंड्यांखालीं ताटल्या ठेवाव्या. धुणें वाळत घातल्यावर त्याचें पाणी कठड्याच्या बुडाशीं ठिबकत राहतें, तेव्हां दोरी थोडी बाहेर घ्यावी. गॅलरींत भांडीं घासण्याची पद्धत ज्या मजल्यावर असेल तेथील बायकांचा रोष पत्करूनही आम्ही ती बंद करण्यास सांगूं.

पुन्हा गाडीकडे वळूं, कारण तेथें कांहीं पथ्यें चाळीहून निराळीं आहेत. खोली काढण्यापूर्वीं गाडी समतळ उभी करावी. ती एका बाजूस कललेली असली तर खोली वांकडी सरकते व मोटारींवर ताण येतो. पाणसळ ठेवून पाहावें, आणि आधीं टेकू कीं आधीं खोली हा क्रम कारखानदाराच्या पुस्तकांत सांगितला असेल तोच पाळावा. बॅटरी क्षीण असतां बटण दाबूं नये. दोन मोटारींच्या खोलींत एक मोटार पुढें जाते, दुसरी मागें राहते, आणि खोली जुन्या कपाटाच्या खणासारखी तिरकी अडकते. या जातींत बटण मध्येंच सोडूं नये. मोटारी आपण होऊन थांबत तोंवर दाबून धरलें म्हणजे दोघी पुन्हा एका रेषेंत येतात. आवाज बदलला, खोली थबकली, तर बळ करूं नये. बाहेर जाऊन झाडाची फांदी लागली काय, आंत एखादी चप्पल अडकली काय तें पाहावें.

बटण दाबणारा एक असावा आणि बाहेर उभा राहून पाहणारा दुसरा असावा. नातवंडें दोघांच्याही मध्यें नसावींत. हा यंत्राचा खेळ पाहण्यास तीं पहिल्याच रांगेंत येऊन बोटें फटीशीं नेतील. खोली सरकत असतां तींत कोणी बसूं नये. कांहीं गाड्यांत खोली आंत घेतली म्हणजे न्हाणीघराचें दार उघडत नाहीं किंवा पलंगाकडे जाण्याची वाट बंद होते. वाटेंत विश्रांतीस थांबल्यावर वयस्क माणसांस ही अडचण मोठी असते, तेव्हां गाडी घेण्यापूर्वींच खोली आंत असतां काय काय वापरतां येतें तें पाहून घ्यावें. प्रवासास निघतांना खोली आंत अडकवून ठेवणारे अडसर असतील तर ते लावावे, आणि मुक्कामावर पोंचल्यावर ते काढल्याशिवाय बटणास हात लावूं नये. मोटार बिघडली तर खोली हातानें आंत घेण्याचा दांडा किंवा दुसरी एखादी तजवीज बहुतेक गाड्यांत असते. ती कोठें आहे हें रात्रीं पाऊस पडत असतां शोधण्याची गोष्ट नव्हे. आमच्या भगिनींनीं चिरंजिवांस पहिल्याच दिवशीं ती दाखविण्यास सांगावें. मुलगा इंजिनियर असला तरी सांगावें.

गाडीचें हें सगळें सोपें आहे, कारण ती एका मालकाची असते. पट्टी फाटली कीं त्याचाच पलंग भिजतो. गॅलरी कोणाची? येथें आमच्या वाड्यांचें खरें दुखणें आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीशीं बांधलीं गेलीं. महागाईच्या दिवसांत त्यानें भाडेकरूस मोठाच आधार मिळाला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण त्या भाड्यांत एक तुळई बदलणेंही परवडत नाहीं असें मालक म्हणूं लागला, आणि तेंही खोटें नव्हतें. मालक म्हणे, राहतां तुम्ही, दुरुस्ती तुम्ही करा. भाडेकरू म्हणे, इमारत तुमची, आम्हीं कां करावी? मधल्यामध्यें तुळई कुजे. पुढें १९६९ च्या कायद्यानें इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला व दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापन झालें. तें काम आतां म्हाडाकडे आहे. या उपकरप्राप्त इमारतींची मूळची संख्या १९,६४२ होती. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्यांतील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. यादींत आपलें नांव नाहीं म्हणून हुश्श करणारीं बिऱ्हाडें आम्ही पाहतों, तेव्हां त्या म्हाताऱ्या सुताराचा टोचा आठवतो.

गॅलरी सर्वांची असते म्हणून ती कोणाचीच नसते. आपल्या दारापुढचे आठ फूट जो तो झाडतो, रंगवितो, त्यावर रांगोळी काढतो. तुळई मात्र एका दारापुढें सुरू होऊन त्याच दारापुढें संपते असें समजूं नये. एका टोंकाची तुळई बसली म्हणजे फळ्या शेजारच्या तुळईवर लोंबूं लागतात, आणि तिचेंही ओझें वाढतें. शेवटच्या खोलीवाल्यांनीं दोन पिंपें ठेवलीं तर पहिल्या खोलीवाल्यांनीं त्याबद्दल बोलावें. तो त्यांचा अधिकार आहे. शेजारधर्म म्हणून गप्प राहणें हें भिडेचें लक्षण आहे, धर्माचें नव्हे. चाळींत सत्यनारायणासाठीं, गणपतीसाठीं वर्गणी जमते; तींतच मजल्यागणिक कांहीं रक्कम दरवर्षीं बाजूस ठेवून एका जाणत्या सुताराकडून किंवा, साधल्यास, परवानाधारक स्थापत्यज्ञाकडून तुळयांची मुळें तपासून घेण्याची चाल कांहीं ठिकाणीं पडली आहे. तपासणीचा कागद हातीं असला म्हणजे मालकाशीं व सरकारी कचेरींत बोलतांना आवाज आपोआप खणखणीत निघतो. मोठी दुरुस्ती मात्र वाडींतल्या वाडींत परभारें करूं नये. एक तुळई काढतांना वरच्या तीन मजल्यांचा भार कोठें जातो हें ठाऊक असणाराच तींत हात घालो.

पुष्कळ चाळी आतां पडून त्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. तेथें सार्वजनिक गॅलरी नाहीं. ज्याच्या त्याच्या घरास सज्जा असतो, आणि ताबा मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तो कांचेनें बंद करून खोलींत घेण्याकडे लोकांचा कल असतो. हौस समजण्यासारखी आहे. पण बंद केलेल्या सज्जांतही कांचेची चौकट आणि भिंत यांच्यामध्यें तीच फट राहते, आणि ती मिटविणारी पट्टी उन्हानें तडकते. तेथेंही कपाट बाहेरच्या कडेस लावूं नये, आणि सज्जांतलें पाणी जाण्याचें भोंक लादीखालीं बुजवूं नये.

चाळींत राहणाऱ्यांनीं तपासणी कधीं करावी, असें आणखी एका वाचकानें मागें विचारलें होतें. पाऊस संपल्यावर लगेच केली तर ओल दिसते. उन्हाळ्यांत केली तर काम पुरें करण्यास दिवस मिळतात. दोन्ही साधावें असें आम्हांस वाटतें: कोजागिरीच्या सुमारास एकदां नुसतें पाहून ओलीच्या जागांवर खडूनें खुणा करून ठेवाव्या, आणि होळी झाली कीं सुतार बोलवावा. वैशाखांत सुतार मिळत नाहींत. जे मिळतात ते पाऊस तोंडावर आला म्हणून दुप्पट मजुरी सांगतात. फाल्गुनांतच शब्द घेऊन ठेवावा, आणि टोचा त्याजपाशीं नसेल तर आपण द्यावा.